पत्र्याच्या डब्यातली वस्ती

आमच्या वस्तीत घंटागाडी वरपर्यंत येत नाही. विहारापर्यंत रस्ता आहे, पुढे नुसती पायवाट, आणि घरं एकाच्या डोक्यावर एक अशी टेकडीला चढत गेलेली. गाडी विहाराच्या कट्ट्यापाशी थांबते, भोंग्यावरचं गाणं वाजत राहतं आणि गाडीवरची मावशी दोन टब घेऊन वर निघते. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका. टब भरले की खाली उतरून गाडीत रिकामे करायचे आणि पुन्हा चढायचं. मी शाळेत असताना असं काही नव्हतं. कचरा घरामागच्या नाल्यात जायचा आणि त्याचं कोणाला काही वाटायचंही नाही.

मावशी जुन्या हायवेवरच्या चौक गावाच्या पलीकडून येते. घरी थोडी भातशेती आहे, पण ती लावणी-कापणीपुरती. बाकी वर्षभर ठेकेदाराकडे हेच काम. गाडीचा ड्रायव्हर तिला उगाच छेडतो, "आली आमची जमीनदारीण." ती म्हणते, "ये की मग माझ्या शेतात चिखल तुडवायला, जेवू घालीन." हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की गाडीच्या गाण्याबरोबर ते मला पाठ झालंय.

काही वर्षांपूर्वी नगरपरिषदेने प्रत्येक घराच्या दाराशी एक पाटी ठोकून दिली. पंज्याएवढी, प्लॅस्टिकची. तिच्यावर नाव नाही, घराचा नंबर नाही, नुसता काळ्यापांढऱ्या चौकटींचा कोड. कचरा घेतला की मावशीने मोबाईल त्या कोडसमोर धरायचा, 'टिंग' असा आवाज होतो आणि तिकडे ऑफिसात कळतं की या घरचा कचरा आज उचलला गेला. मला ही कल्पना आवडली होती. आपल्या घराचा कचरा गेला की नाही, याची कोणीतरी नोंद ठेवतंय, हे मला बरं वाटलं होतं.

वस्तीने मात्र त्या पाटीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. सरकारने दिलेली वस्तू म्हणजे जपायची वस्तू. आमच्याकडे जपणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि माझ्या मार्कशीट एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, ती पिशवी पेटीत आणि पेटी पलंगाखाली. पायवाटेवरच्या पहिल्या घरातल्या काकूंनी तर उन्हाने कोड उडून जाईल म्हणून पाटीवर जुन्या साडीच्या तुकड्याचा छोटासा पडदा लावला होता. मावशी रोज तो पडदा उचलून कोड स्कॅन करायची. "काकू, रोज तुमच्या नवरीचं तोंड बघते मी," असं म्हणायची, आणि काकू म्हणायच्या, "बघा, पण नजर नका लावू."

जयंतीच्या आधी वस्ती रंगवायची ही आमची रीत. एकेका घराचा वेगळा रंग नसतो. रंग एकत्र आणायचा, सगळ्यांनी मिळून विहारापासून सुरुवात करायची आणि वरच्या शेवटच्या घरापर्यंत जायचं. भिंती पांढऱ्या, दारांच्या चौकटी आणि खालचा पट्टा निळा. गेल्या वर्षी रंगाचं काम निघालं तेव्हा आई ब्रश हातात घ्यायच्या आधी म्हणाली, "पाट्या काढा गं पहिल्या. रंग लागला तर उद्या उत्तर कोण देईल?"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आईने घराघरांतून पाट्या उतरवून घेतल्या, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात रचल्या आणि डबा विहाराच्या कपाटात ठेवला. वाटेवर शिड्या आणि ओला रंग असल्यामुळे त्या दिवसांत बायकाच आपापले कचऱ्याचे डबे घेऊन खाली कट्ट्यावर यायच्या. मावशी कट्ट्यावर बसून कचरा वेगळा करून गाडीत टाकायची. मग आई पत्र्याचा डबा उघडून एकेक पाटी तिच्यासमोर धरायची. टिंग, टिंग, टिंग. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. ड्रायव्हर म्हणाला, "आज सगळी वस्ती डब्यात भरून आणलीत वाटतं."

जयंती झाली. पाट्या परत लावायला हव्या होत्या. पण ऊन वाढलं होतं, आणि मावशीचा गुडघा होळीपासून सुजलेला होता. ती साडीखाली गुडघ्याला पट्टी बांधून यायची, आणि टब घेऊन उतरताना एका बाजूला कलायची. आई म्हणाली, "आमाला कामाला खालीच जायाचं असतं. डबा हातात घेऊन उतरायला काय जातं? तुमी कशाला चढता?"

मावशी लगेच तयार झाली नाही. "दारात जायला सांगितलंय ताई," असं ती दोन-तीनदा म्हणाली. आईचं उत्तर ठरलेलं होतं. दार काय आणि कट्टा काय, कचरा गेल्याशी मतलब. आणि कचरा खरंच जात होता. उलट आधीपेक्षा नीट जात होता, कारण सगळ्यांसमोर डबा रिकामा करायचा म्हटल्यावर ओल्यात प्लॅस्टिक टाकायची लाज वाटू लागली. काकूंच्या डब्यात एकदा दुधाची पिशवी निघाली तर वरच्या घरातली बाई म्हणाली, "काकू, गाय आणली का?" त्यानंतर काकू पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालू लागल्या.

मी तेव्हा कॉलेजच्या एन.एस.एस.मध्ये होते. आम्ही स्टेशनाबाहेर ओल्या-सुक्या कचऱ्यावर पथनाट्य केलं होतं, त्यात मी सुका कचरा झाले होते, फार काही बोलायचं नव्हतं. आमच्या कट्ट्यावरची गोष्ट बैठकीत सांगावी असं मला खूपदा वाटलं. पण हात वर करायचा धीर व्हायचा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात बोलताना आपलं वाक्य बरोबर आहे का, याचा विचार करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

मग एका सकाळी ड्रायव्हरने गाणं बंद केलं आणि मावशी मागच्या बाजूला असताना आईला हळू आवाजात सांगितलं. पुढच्या महिन्यापासून या गाडीवर दुसरी बाई येणार. मावशी एका जागी बसून खोटं स्कॅन करते, घरोघरी जात नाही, असं ऑफिसातून मुकादमाला सांगण्यात आलंय. आणि असा ठपका बसला की ठेकेदार दुसऱ्या गाडीवरही ठेवत नाही.

मावशीला आमच्याकडे बघून कळलं असावं. ती गोणीचं तोंड बांधता बांधता म्हणाली, "जाऊ द्या ताई. लावणीला सुट्टी घ्यावीच लागली असती."

आई कामाला निघाली. ती हॉस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जाते, तिथून संध्याकाळी आली आणि स्वयंपाकाला लागली. बाबा कळंबच्या एका रिसॉर्टवर बागेचं काम करतात, ते आले, जेवले. भांडी घासून झाल्यावर ती मला म्हणाली, "उद्या हापिसात जायाचं. तू चल. तुला बोलता येतं."

मला बोलता येत नाही, हे तिला कसं सांगायचं ते मला कळेना. अंथरुणावर पडून मी वाक्यं जुळवत राहिले. पाट्या आईने काढल्या हे सांगितलं तर आईवर येणार. सरकारी वस्तू भिंतीवरून काढणं हा गुन्हा असेल का, दंड असेल का, मला काही माहीत नव्हतं. शेवटी मी ठरवलं की आमच्याकडे नेटवर्क नीट येत नाही म्हणून सांगायचं. मावशी वर जाते, पण स्कॅन खाली आल्यावर होतं. हे मला शक्य कोटीतलं वाटलं, आणि त्यात कोणाचाच दोष नव्हता.

ऑफिसात आम्ही बाकावर बराच वेळ बसलो. आईने नवी साडी नेसली होती आणि पायांतल्या चपला बाकाखाली सरकवून ठेवल्या होत्या. कचऱ्याचं काम बघणारे साहेब वयाने फार मोठे नव्हते. त्यांच्या टेबलावर अर्धा प्यायलेला चहा होता आणि त्यावर साय आली होती. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, हे मला अजून लक्षात आहे, कारण दाखल्यांसाठी मी ज्या टेबलांपुढे गेले तिथे मी नेहमी उभीच राहिले होते.

आम्ही वस्तीचं नाव सांगताच, पुढचं ऐकण्याआधीच त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. नकाशा होता, जिथे स्कॅन झालं तिथे ठिपका. एका शेजारच्या आळीवर हिरवे ठिपके पसरले होते, अंगणात तांदूळ सांडावेत तसे. मग त्यांनी तो सरकवून आमची वस्ती दाखवली. टेकडी पूर्ण रिकामी. खाली विहारापाशी एकच ठिपका, जरासा जाड.

"सगळी घरं इथे राहतात का?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी सुरुवात केली. "सर, आमच्या भागामध्ये नेटवर्कची समस्या असल्या कारणाने..." माझा आवाज मलाच परका वाटला.

आईने माझ्या हातावर हात ठेवला. "नेटवर्क बरं हाय साहेब," ती म्हणाली. "पाट्या मी काढल्या. रंगाला काढल्या, मग लावल्या नाय. तिचा गुडघा सुजलाय म्हणून आमीच खाली येतो. तिनं मागितल्या नव्हत्या. काय करायचं ते माझ्यावर करा."

मी खाली बघत राहिले. साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते रागाचं नव्हतं. मागे एका ठिकाणी पाट्यांचे फोटो काढून कोणीतरी घरी बसून स्कॅन करत होतं. यादीत सगळी घरं हिरवी, आणि प्रत्यक्षात इमारतींच्या मागे कचरा कुजत पडलेला. ते कळायला फार उशीर झाला. तेव्हापासून ठिपक्यांचा ढीग दिसला की ते तिथे कचऱ्याचा ढीग आहे असं धरून चालतात.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," ते म्हणाले. "पण इथून मला माणूस दिसत नाही, ठिपका दिसतो. उद्या सकाळी मी येतो. पाट्या दारांवर पाहिजेत. बघून मग ठरवू."

वाटेत आई एवढंच म्हणाली की खोटं बोलायचं होतं तर तिला आधी सांगायला हवं होतं, ती घरीच राहिली असती.

संध्याकाळी डबा कपाटातून निघाला. सगळ्या कट्ट्यावर जमल्या, हातोडी आणि खिळे आले. मग आमच्या लक्षात आलं की कोणती पाटी कोणाची, हे कोणालाच माहीत नाही. आईने उतरवताना एकावर एक रचल्या होत्या, आणि रोज काढून-ठेवून त्यांचा क्रम कधीच मोडला होता. मी माझ्या मोबाईलवर स्कॅन करून पाहिलं. एक लांबलचक आकडा आला, बाकी काही नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मोबाईल खाली ठेवला.

एका बाईला वाटत होतं की तिच्या पाटीच्या कोपऱ्याला तेलाचा डाग होता. तसा डाग तीन पाट्यांना निघाला. काकूंना मात्र आपली ओळखता यायला हवी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, कारण त्यांनी ती पडद्यात ठेवली होती. काकूंनी एकेक पाटी उन्हाकडे धरून बघितली आणि हात टेकले. "मी कधी तोंड बघितलं नाय तिचं," त्या म्हणाल्या. "मावशीच बघायची."

शेवटी अंधार पडायच्या आत जी हाताला येईल ती दाराला लावायची असं ठरलं. कचरा सगळ्यांचा सारखाच, असं कोणीतरी म्हणालं. मला ते बरोबर वाटत नव्हतं. सकाळी ऑफिसात माझं एक वाक्य खोटं ठरलं होतं आणि आता संपूर्ण टेकडीभर आम्ही तसंच काहीतरी ठोकत होतो. पण दुसरं काय करायचं, ते मलाही सुचत नव्हतं.

सकाळी साहेब गाडीच्या आधी आले. आम्ही कट्ट्यावर उभ्या होतो, पण ते आमच्याकडे आलेच नाहीत. ते सरळ घरांच्या मागे नाल्याकडे गेले. कट्ट्यावरून मला ते दिसत होते, काठाकाठाने चालताना, एका जागी वाकून बघताना. नाल्यात सुकलेलं गवत होतं, एक फुटकी बादली होती, आणि काही नव्हतं. ते खूप वेळ तिथेच उभे राहिले. मग वर आले.

तोपर्यंत गाडी आली होती. पाट्या पुन्हा दारांवर आहेत एवढं आईने सांगितलं, तशी मावशी टब घेऊन वर निघाली. साहेबांना बघून तिने चाल वाढवली, आणि त्यामुळे तिचं लंगडणं आणखी दिसू लागलं. पहिलंच घर काकूंचं. त्यांनी रात्रीच परत लावलेला पडदा मावशीने सवयीने उचलला, मोबाईल धरला, टिंग झालं. साहेबांनी स्वतःच्या मोबाईलवर पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, मग परत मोबाईलवर. त्यांच्या यादीत हे घर टेकडीवरच्या शेवटच्या घरातल्या, कानाने कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचं होतं.

"हे घर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझंच," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. मावशीचा चेहरा उतरला. पाट्या मिसळल्याचं तिला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं असेल की आता सगळं संपलं. मला आईचा हात माझ्या हातावर आल्याचं आठवलं. आई माझ्या मागे उभी होती.

मी म्हणाले, "सर, काल संध्याकाळी लावताना मिसळल्या. कोणाची कोणती, आम्हाला ओळखता आलं नाही. आम्ही अशाच लावल्या. मावशींना माहीत नव्हतं."

एवढंच. वाक्य आधी जुळवलेलं नव्हतं, म्हणून असेल, पण ते अडखळलं नाही.

साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि हातोडी कुठे आहे विचारलं.

ती सकाळ त्यातच गेली. ते एकेका दारापाशी स्कॅन करून नाव वाचायचे, ज्याचं असेल तो वरून किंवा खालून ओ द्यायचा आणि पाटी हातोहात त्या घराकडे जायची. आमची पाटी खालच्या एका घरावरून आली. वरच्या आजोबांना काय चाललंय ते उमगलं नाही, त्यांना वाटलं घरांच्या मालक्या बदलतायत. ते दारातच उभे राहून सांगू लागले की ते हे घर सोडणार नाहीत. ड्रायव्हरने खालून ओरडून त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण त्यांना तेही ऐकू गेलं नाही. शेवटी काकूंनी जाऊन त्यांच्या हातात पाटी दिली, तेव्हा ते आत गेले.

त्या सगळ्या वेळात मावशी साहेबांच्या मागे प्रत्येक पायरी चढली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या दारापाशी आल्यावर ती भिंतीला टेकली. साहेबांनी ते पाहिलं. आई पाणी घेऊन आली, आधी मावशीला दिलं, मग त्यांना.

जाताना त्यांनी सांगितलं की मावशीला या गाडीवरून काढणार नाहीत, मुकादमाला ते स्वतः कळवतील. नाल्याचंही ते बोलले, की एवढा स्वच्छ नाला त्यांनी या बाजूला पाहिला नव्हता. पण पाट्या दारांवरच राहतील आणि स्कॅन दारातच होईल. बायकांनी डबे खाली आणायचे तर आणावेत, त्याला त्यांची हरकत नव्हती. आईने विचारलं, गुडघा बरा होईपर्यंत तरी स्कॅन खाली चालेल का. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. ते कठोरपणे बोलले नाहीत. तुम्हाला सूट दिली तर ती मला सगळ्यांना द्यावी लागेल, आणि सगळे तुमच्यासारखे नसतात, असं म्हणाले. आईला ते पटलं की नाही, मला सांगता येत नाही. मला पटलं, आणि पटलं याचं वाईटही वाटलं.

मावशीचं काम राहिलं. त्यात टेकडी चढणंही राहिलं, जे वाचवायला आई गेली होती. आता असं चालतं. बायका डबे घेऊन कट्ट्यावर उतरतात, कचरा तिथे गाडीत जातो, आणि मावशी नुसता मोबाईल घेऊन वर येते. टब नसल्यामुळे तिचा एक हात भिंत धरायला मोकळा असतो. काकूंनी पडदा काढून टाकलाय. आईने आमच्या उंबऱ्याशी एक बसायचा पाट कायमचा ठेवलाय. मावशी आमच्या दारापर्यंत आली की त्याच्यावर बसते, ड्रायव्हर खालून एकदा भोंगा वाजवतो, ती उठत नाही. "येते रे, तुझ्या बापाची गाडी हाय का," असं म्हणते, ते त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मी बहुतेक वेळा आत अभ्यासाला बसलेली असते. आमच्या पाटीच्या कडेला निळा रंग लागलाय, एवढं जपूनही लागलाच. बाहेर टिंग वाजतं. मग पाटाचा आवाज होतो, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उठते.